फाइल आली, पण पुरी आली का?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आमच्याकडे दीडशेच्या आसपास नेटवर्क स्विच (संगणक, कॅमेरे वगैरे नेटवर्कला जोडणारी यंत्रं) आहेत. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या निविदांमधून आलेले. गाभ्याला ज्युनिपर, मजल्यांवर सिस्को आणि अरुबा, एका इमारतीत एचपी, दुसरीत एक्स्ट्रीम आणि कुंपणावरच्या कॅमेऱ्यांसाठी मायक्रोटिक. आजवर महिन्यातून एकदा प्रत्येकावर लॉगिन करून कॉन्फिग (म्हणजे त्याच्या सगळ्या सेटिंग्जचा मजकूर) नोटपॅडमध्ये चिकटवत होतो. आता पायथनमध्ये नेटमिको ही स्विचवर लॉगिन करून आज्ञा चालवणारी लायब्ररी वापरून स्क्रिप्ट लिहिली. सिस्कोच्या नव्या स्विचवर ती चालते. जुन्या स्टॅकवर (एकत्र जोडून एकाच स्विचसारखे चालणारे स्विच) फाइल कधी पूर्ण येते, कधी अर्धी. एचपीवर तर अडकूनच बसते. साहेब म्हणतात, प्रत्येक कंपनीचं व्यवस्थापन सॉफ्टवेअर विकत घेऊन टाकू. काय करावं?

उत्तर : आधी साहेबांना थांबवा. कंपनीगणिक एक सॉफ्टवेअर घेतलंत तर प्रत्येकाचं कोठार वेगळं, लॉगिन वेगळं, वेळापत्रक वेगळं. आणि 'काल संध्याकाळी कुठल्या स्विचवर काय बदललं' हे विचारायला एक जागा नाही. तुम्हाला सगळ्यांची कॉन्फिग साध्या मजकुरात एकाच ठिकाणी हवीत, जुन्या-नव्यातला फरक ओळीगणिक दिसेल अशी. त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही.

आता तुमची स्क्रिप्ट. अर्धी फाइल येते म्हणजे ती बहुधा घड्याळावर विसंबून आहे. नेटमिकोत आज्ञा पाठवायच्या दोन रीती आहेत. एक प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची आज्ञा मागणारी स्विचची ओळ, पुन्हा दिसेपर्यंत वाट बघते. दुसरी, जिच्या नावात 'टायमिंग' आहे ती, पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही की 'संपलं' असं धरून मोकळी होते. जुना सिस्को स्टॅक 'बिल्डिंग कॉन्फिगरेशन' एवढं पुटपुटून बराच वेळ गप्प बसतो. तेवढ्यात स्क्रिप्ट फाइल बंद करून पुढच्या स्विचकडे जाते आणि लॉगमध्ये सगळं हिरवंगार. म्हणून पहिली रीत वापरा. नेटमिकोच्या चौथ्या आवृत्तीपासून तिची वाट बघायची मुदत मुळात १० सेकंद आहे. स्टॅकसाठी 'रीड टाइमआउट' देऊन ती वाढवा. मुदत संपली तर ती निदान आरडाओरडा करते, आणि आपल्याला तेच हवंय.

एचपीवर अडकणं हा बहुधा पानांचा घोळ. पडदाभर मजकूर दाखवून स्विच 'मोअर' म्हणत थांबतो आणि स्पेसबार दाबायला तिथे माणूस नसतो. पानं बंद करायची आज्ञा प्रत्येकाची निराळी. सिस्को आणि अरिस्टावर 'टर्मिनल लेंग्थ ०', एचपीच्या जुन्या प्रोकर्व्हवर 'नो पेज', एचपीच्याच कॉमवेअरवर 'स्क्रीन-लेंग्थ डिसेबल', हुआवेवर 'स्क्रीन-लेंग्थ ० टेम्पररी', एक्स्ट्रीमच्या एक्सओएसवर 'डिसेबल क्लिपेजिंग'. ज्युनिपरवर आज्ञेच्या शेवटी पाइप देऊन 'नो-मोअर' लावलं तरी भागतं. प्रोकर्व्हची आणखी एक खोड म्हणजे लॉगिन झाल्यावर तो आधी कुठलीही कळ दाबायला सांगतो, आणि मजकुरात कर्सर हलवणारी नियंत्रणचिन्हं पेरतो. डोळ्यांना ती दिसत नाहीत, पण प्रॉम्प्ट शोधणाऱ्या स्क्रिप्टला बरोबर चकवतात.

हे सगळं नेटमिकोला ठाऊक आहे, पण यंत्राचा प्रकार बरोबर सांगितला तर. इथे तुम्ही बहुतेक डब्यावरच्या नावावर गेलात. एचपीने २०१० मध्ये थ्रीकॉम विकत घेतली, तिच्याबरोबर कॉमवेअर आलं. स्वतःचं प्रोकर्व्ह होतंच. २०१५ मध्ये अरुबा घेतली आणि पुढे प्रोकर्व्हच्याच घराण्यातले स्विच अरुबाच्या नावाने विकले जाऊ लागले. त्यानंतर आलेलं अरुबा सीएक्स हे तिसरंच प्रकरण. म्हणजे तुमच्या एचपी-अरुबात तीन निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टीम असू शकतात. एक्स्ट्रीमचंही तेच. २०१७ मध्ये त्यांनी अवायाचा नेटवर्किंग विभाग आणि ब्रोकेडचा डेटा सेंटरचा व्यवसाय घेतला, त्यामुळे एक्स्ट्रीम लिहिलेल्या प्रत्येक डब्यात एक्सओएसच असेल असं नाही. प्रत्येकावर 'शो व्हर्जन' किंवा कॉमवेअरवर 'डिस्प्ले व्हर्जन' चालवा आणि यादीत कंपनीऐवजी ऑपरेटिंग सिस्टीम लिहा. बाकी काही करण्याआधी ही यादी करा.

एवढं सांगून झाल्यावर माझं मत असं की स्क्रिप्ट वाढवू नका. हौस म्हणून ठेवा, पण या कामाला तयार साधनं आहेत. रॅन्सिड हा जुना-जाणता गडी, पर्ल आणि एक्स्पेक्टवर चालणारा. कुठे आधीच नीट चालू असेल तर मी त्याला हात लावायला सांगणार नाही. नव्याने मांडायचं असेल तर ऑक्सिडाइज्ड घ्या. ते रूबीत लिहिलेलं आहे आणि रॅन्सिडच्या जागी बसावं म्हणूनच लिहिलं गेलं. तुमच्याकडच्या आयओएस, प्रोकर्व्ह, अरुबा सीएक्स, कॉमवेअर, जुनॉस, एक्सओएस, राउटरओएस या सगळ्यांची मॉडेलं त्यात आहेत. मॉडेल म्हणजे लॉगिन कसं करायचं, पानं कशी बंद करायची, कुठल्या आज्ञा चालवायच्या आणि आलेल्या मजकुरातलं काय गाळायचं, एवढं सांगणारी छोटी रूबी फाइल. वाकवावी लागली तर रूबी न येणाऱ्यालाही वाचून समजते. मूळ मांडणीत दर ३६०० सेकंदांनी फेरी होते आणि ८८८८ पोर्टवर वेब पान दिसतं. साठवणीसाठी गिट (फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारं साधन) निवडा, म्हणजे बदल असेल तर तिथे नोंद पडते. त्या पानाला स्वतःचं लॉगिन नाही, त्यामुळे ते नेटवर्कभर उघडं टाकू नका. समोर पासवर्ड मागणारा रिव्हर्स प्रॉक्सी (मधला दरबान सर्व्हर) ठेवा.

गाळण्याबद्दल दोन शब्द, कारण कंटाळून बॅकअपची सूचनापत्रं न उघडण्याची सुरुवात इथूनच होते. सिस्को कॉन्फिगच्या माथ्यावर शेवटच्या बदलाची वेळ आणि बाइट्सचा आकडा लिहितो. मायक्रोटिक 'एक्स्पोर्ट'च्या पहिल्याच ओळीत त्या क्षणाची तारीख-वेळ घालतो. फोर्टिगेट फायरवॉलही या यादीत घ्याल तर तो साठवलेले पासवर्ड दर खेपेला नव्याने कूटबद्ध करून दाखवतो. या ओळी गाळल्या नाहीत तर काहीही न बदलता तासातासाला 'बदल झाला' अशी पत्रं येतात. मग खरा बदल होतो त्या दिवशीचं पत्रही कोणी उघडत नाही. तयार मॉडेलं यातलं बरंचसं गाळतात. तरी पहिले काही दिवस रोज गिटमधला फरक स्वतः बघा आणि उरलेली कटकट मॉडेलमध्ये गाळा.

आता या पत्राचं उत्तर मी लांबवतेय ते ज्यासाठी. फाइल ओढून आणणं हा सोपा भाग झाला. ती पुरी आहे का, आणि ताजी आहे का, हे माणसाने नव्हे, यंत्राने रोज तपासायला हवं.

पुरेपणाची परीक्षा प्रत्येक घराण्यासाठी वेगळी लिहा. सिस्को आयओएसचं कॉन्फिग 'एंड' या ओळीने संपतं, कॉमवेअरचं 'रिटर्न'ने. ज्युनिपरचं महिरपी कंसांतलं रूप घेत असाल तर उघडे-मिटलेले कंस जुळले पाहिजेत. ज्यांना ठरलेली शेवटची ओळ नाही, त्यांच्यासाठी आकार बघा : मागच्या फाइलीच्या तुलनेत अचानक तिसरा हिस्सा कमी झाला तर माणसाला कळवायचं. कोणी खरोखरच शंभर ओळी उडवल्या असतील तर तेही कळलेलं बरं. शिवाय फाइलीतलं होस्टनेम आणि यादीतलं नाव जुळतं का बघा. कोणी आयपी पत्ता दुसऱ्या स्विचला दिला की एकाच्या नावावर दुसऱ्याचं कॉन्फिग बिनबोभाट साठत राहतं.

ताजेपणात एक फसवणूक दडलेली आहे. गिट फक्त बदल नोंदवतं. एखाद्या स्विचची शेवटची नोंद तीन महिन्यांपूर्वीची दिसली, तर तीन महिन्यांत कोणी हात लावला नाही असंही असेल, किंवा तीन महिन्यांत बॅकअप झालाच नाही असंही असेल. गिटकडे बघून हे कळत नाही. म्हणून 'शेवटचा बदल' आणि 'शेवटची यशस्वी फेरी' या दोन तारखा वेगळ्या ठेवा. ऑक्सिडाइज्ड प्रत्येक यंत्राची शेवटची स्थिती आणि वेळ ठेवतं, वेब पानावर दाखवतं आणि जेसन या यंत्राला वाचता येणाऱ्या रूपातही देतं. तुमच्या निगराणीच्या साधनाने ती यादी वाचावी आणि दोन दिवसांत ज्याची यशस्वी फेरी नाही त्याचं नाव ओरडून सांगावं. फेरी फसली की लगेच काही चालवायचं असेल तर 'नोड फेल' नावाचा हुक आहे.

आणि जो स्विच यादीतच नाही, तो कधी नापासही होत नाही. नवा स्विच बसवणारा माणूस बॅकअपच्या यादीत नाव घालायला विसरणार, हे धरूनच चाला. लिबरएनएमएस हे निगराणीचं साधन वापरत असाल तर ऑक्सिडाइज्डला यादी थेट तिथून घेता येते. नसाल तर गाभ्याच्या स्विचवरून एलएलडीपीचे (थेट जोडलेली यंत्रं एकमेकांना ओळख देतात तो प्रोटोकॉल) शेजारी अधूनमधून ओढा आणि बॅकअपच्या यादीशी ताडून बघा. शेजाऱ्यात आहे पण यादीत नाही, असं कोणीतरी सापडेलच.

शेवटचं, सिस्कोपुरतं. 'शो व्हीटीपी स्टेटस' बघा. व्हीटीपी म्हणजे व्हीलॅनची (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कांची) यादी स्विचांमध्ये वाटणारी सोय. स्विच सर्व्हर किंवा क्लायंट मोडमध्ये असेल तर १ ते १००५ मधले व्हीलॅन रनिंग-कॉन्फिगमध्ये (सध्या चालू असलेल्या कॉन्फिगमध्ये) नसतात. ते फ्लॅशवरच्या 'व्हीलॅन डॉट डॅट' या फाइलीत राहतात. तुमची फाइल 'एंड'पर्यंत शाबूत असते, पोर्ट व्हीलॅन ४० मध्ये आहे हे लिहिलेलं असतं, पण व्हीलॅन ४० कुठेच नसतो. मोड ट्रान्सपरंट असेल तर हे सगळं कॉन्फिगमध्ये दिसतं. बदलणं शक्य नसेल तर मॉडेलमध्ये 'शो व्हीलॅन'चं आउटपुटही साठवायला सांगा.

प्रश्न : आमचा सुरक्षा विभाग बॅकअपच्या खात्याला सिस्कोवर लेव्हल १५ (पूर्ण अधिकार) द्यायला तयार नाही. कमी लेव्हलचं खातं दिलं आणि 'शो रनिंग-कॉन्फिग'ची परवानगीही दिली, तर येणारी फाइल जवळजवळ कोरी. बरं, कॉन्फिगमधले पासवर्ड गाळून साठवा असाही त्यांचा आग्रह आहे.

उत्तर : कोरी फाइल हा बिघाड नाही, आयओएस असाच वागतो. 'शो रनिंग-कॉन्फिग' चालवणाऱ्याला ज्या ओळी बदलायचा अधिकार आहे, तेवढ्याच त्याला दिसतात. बऱ्याच आवृत्त्यांत 'शो रनिंग-कॉन्फिग व्ह्यू फुल' ही आज्ञा आहे, तिची परवानगी दिली की पूर्ण मजकूर येतो. त्याहून स्वच्छ मार्ग टॅकॅक्स प्लसचा, म्हणजे लॉगिन आणि आज्ञांची परवानगी एका सर्व्हरवरून तपासण्याचा. खात्याला लेव्हल १५ द्यायची, पण प्रत्येक आज्ञा चालण्याआधी स्विच टॅकॅक्स सर्व्हरला विचारेल अशी व्यवस्था करायची आणि तिथे पानं बंद करण्याची व ठरावीक 'शो'च्या आज्ञा, एवढ्याच मंजूर करायच्या. 'कॉन्फिगर टर्मिनल' नामंजूर. शिवाय हे खातं फक्त बॅकअप सर्व्हरच्या पत्त्यावरूनच आत येऊ शकेल असं बंधन घाला. सुरक्षा विभागाला एवढ्यावर हरकत घ्यायला फार जागा उरत नाही.

पासवर्ड गाळण्याबद्दल मात्र मी तुमच्या सुरक्षा विभागाशी सहमत नाही. त्यांची भीती खरी आहे : सिस्कोचा टाइप ७ पद्धतीने साठवलेला पासवर्ड आणि ज्युनिपरचा '$९$'ने सुरू होणारा मजकूर हे दोन्ही क्षणात उलगडतात आणि एसएनएमपी या निगराणीच्या प्रोटोकॉलची कम्युनिटी (पासवर्डासारखा शब्द) तर सरळ वाचता येते. ऑक्सिडाइज्डमध्ये 'रिमूव्ह सिक्रेट' नावाची सोयही आहे. पण ती लावली की स्विच मेला त्या रात्री तुमच्या हातात गाळलेल्या जागांची फाइल येते आणि रेडियस या लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरची गुप्त की कोणाला पाठ आहे याची शोधाशोध सुरू होते. मी पूर्ण फाइल ठेवते आणि कोठाराला कुलूप घालते. डिस्क कूटबद्ध, गिटचं भांडार फक्त नेटवर्कवाल्यांना खुलं, बाहेरच्या कुठल्याही गिट सेवेवर ते ढकलायचं नाही. ज्यांना फक्त बदल वाचायचे आहेत, लेखापरीक्षक वगैरे, त्यांच्यासाठी गाळलेली प्रत वेगळी काढा. स्विचवरचे स्थानिक पासवर्ड टाइप ८ किंवा ९ वर न्या, म्हणजे फाइल फुटलीच तरी तेवढे सहज हाती लागणार नाहीत.

प्रश्न : बॅकअप सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम नवी केली आणि दुसऱ्या दिवसापासून जुने वीस-बावीस स्विच एसएसएचला (कूटबद्ध लॉगिनला) नकार देतात. टेलनेट (उघड्या मजकुराचं जुनं लॉगिन) चालतं. तेच वापरू का?

उत्तर : नको. बहुधा स्विच नकार देत नाहीत, तुमचा नवा सर्व्हर देतोय. ओपनएसएसएच या सर्व्हरवरच्या एसएसएच सॉफ्टवेअरने २०१५ मध्ये ७.० आवृत्तीत डिफी-हेलमन ग्रुप १ ही की ठरवण्याची जुनी पद्धत मूळ मांडणीत बंद केली आणि २०२१ मध्ये ८.८ आवृत्तीत एसएचए-१ वर चालणारी आरएसए सही बंद केली. जुन्या स्विचकडे अनेकदा तेवढंच असतं. आधी फर्मवेअर नवं मिळतंय का बघा आणि २०४८ बिटांची नवी आरएसए की तयार करा, त्यातच काही सुटतील. उरलेल्यांसाठी जुनी अल्गोरिदम फक्त त्या-त्या यंत्रापुरती चालू करा, सर्व्हरभर नाही.

लोक हमखास अडकतात ते असे : एसएसएचच्या कॉन्फिग फाइलीत बदल करून हातांनी लॉगिन होतं, तरी बॅकअप फसतो. कारण ऑक्सिडाइज्ड रूबीची स्वतःची एसएसएच लायब्ररी वापरतं आणि नेटमिको पॅरामिको ही पायथनची एसएसएच लायब्ररी वापरतं. ऑक्सिडाइज्डला की-एक्स्चेंज, होस्ट-की आणि कूटलेखन यांच्या पद्धती त्याच्याच कॉन्फिगमध्ये वेगळ्या द्याव्या लागतात. हे स्विच वेगळ्या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये ठेवा आणि बदलायच्या यादीत वर घ्या.

प्रश्न : स्विचलाच सांगून ठेवलंय, सेव्ह केलं की स्वतःहून टीएफटीपी सर्व्हरवर फाइल टाक. एवढं पुरे नाही का? वेगळं साधन कशाला?

उत्तर : सिस्कोत 'आर्काइव्ह'खाली 'राइट-मेमरी', ज्युनिपरमध्ये 'ट्रान्सफर-ऑन-कमिट', चांगल्या सोयी आहेत. पण टीएफटीपी नको. यूडीपी ६९ वर चालणारा हा प्रोटोकॉल (आरएफसी १३५०, १९९२) पासवर्ड विचारत नाही आणि काही झाकतही नाही. तुमची सगळी गुपितं तारेवरून उघडी जातात. एसएसएचवरून कूटबद्ध पाठवणारं एससीपी वापरा.

दुसरं, ज्याने फाइल पाठवली नाही त्याच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. आणि सेव्ह केल्यावरच फाइल जाणार असेल, तर ज्याने बदल केला पण सेव्ह केला नाही, त्याचा बदल तुमच्याकडे येतच नाही; वीज गेली की स्विचवरूनही तो गेला. रनिंग (चालू) आणि स्टार्टअप (सेव्ह केलेलं) अशी दोन्ही कॉन्फिग ओढून त्यातला फरक दाखवणारा अहवाल एकदा काढून बघा, मजा येईल.

मला आवडणारी जोडणी अशी. स्विचने सिसलॉग (घडामोडींचे संदेश) पाठवायचा. सिस्कोचा संदेश 'सिस-५-कॉन्फिग_आय', ज्युनिपरचा 'यूआय_कमिट_कम्प्लीटेड'. तो दिसला की सर्व्हरने त्या एका स्विचची फेरी लगेच करायची. सिस्कोच्या त्या संदेशात बदल करणाऱ्याचं नावही असतं. त्याशिवाय रोजची ठरलेली फेरी चालूच ठेवायची, कारण सिसलॉगचं पाकीट वाटेत हरवू शकतं.

प्रश्न : स्विच जळाला. तसाच दुसरा आणला, बॅकअपमधली फाइल कन्सोलवर (स्विचला थेट तारेने जोडलेल्या पडद्यावर) चिकटवली. अर्ध्या गोष्टी चालल्या, अर्ध्या नाहीत. फाइल तर पूर्ण होती.

उत्तर : सिस्को असावा असं धरते. चालू स्विचवर मजकूर चिकटवला की तो आधीच्या कॉन्फिगमध्ये मिसळतो, त्याची जागा घेत नाही. कारखान्यातून बंद आलेला इंटरफेस बंदच राहतो, कारण चालू इंटरफेसची 'नो शटडाउन' ही ओळ फाइलीत मुळात दिसतच नाही. फाइल स्टार्टअप-कॉन्फिगवर उतरवा आणि स्विच पुन्हा सुरू करा, किंवा 'कॉन्फिगर रिप्लेस' वापरा. स्टॅक असेल तर त्याआधी नव्या सदस्याचा क्रमांक जुन्याइतकाच आहे ना बघा, नाहीतर तिसऱ्या स्विचच्या पोर्टांची सगळी कॉन्फिगरेशन हवेत राहते. एसएसएचची खाजगी की फाइलीत नसते, ती नव्याने तयार करावी लागते. तोवर कन्सोलची तार काढू नका. व्हीलॅनचं वर आलंच आहे.

ज्युनिपरवर 'लोड मर्ज' नको, 'लोड ओव्हरराइड' करा, पण त्यासाठी महिरपी कंसांतलं रूप लागतं. 'सेट'च्या ओळींत साठवलं असेल तर आधी जुनं पुसून 'लोड सेट'. कमिट करताना (बदल लागू करताना) 'कमिट कन्फर्म्ड' द्या. काही बिनसलं आणि तुम्ही दुजोरा दिला नाही, तर मुळातल्या १० मिनिटांच्या मुदतीने स्विच आपोआप मागे फिरतो.

मायक्रोटिकची द्वयंक (बायनरी) बॅकअप फाइल त्याच यंत्रासाठी असते. दुसऱ्या डब्यावर चढवली तर जुन्याचे मॅक पत्तेही सोबत येतात. नव्या डब्यावर मजकुरी 'एक्स्पोर्ट' वापरा. मात्र राउटरओएस ७ पासून एक्स्पोर्ट गुपितं आपणहून लपवतो. तुमचा बॅकअप 'शो-सेन्सिटिव्ह' लावून घेतला जातोय का ते आजच बघून ठेवा. वापरकर्त्यांचे पासवर्ड आणि प्रमाणपत्रं तर त्यातही येत नाहीत, ती स्वतंत्रपणे जपून ठेवावी लागतात.